लिनक्स ड्रायव्हरमधील दुहेरी हार्डवेअर-वर्णन

पीसीआय किंवा यूएसबीवरचे उपकरण विचारल्यावर स्वतःची ओळख सांगते. आयटूसी, एसपीआय अशा साध्या बसवर बसलेली चिप मात्र मुकी असते. ती कोणत्या पत्त्यावर आहे, तिची इंटरप्टची तार कुठे जाते, हे फर्मवेअरलाच ऑपरेटिंग सिस्टिमला सांगावे लागते. ते सांगण्याच्या दोन रूढ पद्धती म्हणजे डिव्हाइस ट्री आणि एसीपीआय. त्या एकमेकींशी जुळत नाहीत. आणि चिप तर दोन्हीकडे तीच असते.

डिव्हाइस ट्रीचा उगम ओपन फर्मवेअरमध्ये (आयईईई १२७५, १९९४) आहे. सनच्या स्पार्क आणि ॲपलच्या पॉवरपीसी यंत्रांत ते वापरात होते. एआरएमवर तेव्हा प्रत्येक बोर्डासाठी कर्नेलमध्ये स्वतंत्र सी फाइल लिहीत. या पसाऱ्यावर २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स उघडपणे भडकले आणि एआरएम डिव्हाइस ट्रीकडे वळले. एसीपीआय १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी पीसीसाठी आणले. २०१३ पासून ते यूईएफआय फोरमकडे आहे.

दोहोंतला फरक केवळ लिपीचा असता तर काम सोपे होते. डिव्हाइस ट्री ही निव्वळ माहिती असते. घड्याळ-संकेत चालू करणे, रेग्युलेटरमधून वीज देणे ही कामे ड्रायव्हरची. एसीपीआयमध्ये माहितीबरोबर बाइटकोडही असतो, तो कर्नेलमधला इंटरप्रीटर चालवतो. ‘_पीएस०’ ही पद्धत बोलावली की उपकरण जागे होते; आत कोणता रेग्युलेटर हलला, हे ड्रायव्हरला कळत नाही आणि कळावे अशी अपेक्षाही नाही.

गुणधर्मांपुरता पूल बांधता आला. एसीपीआय ५.१ मध्ये (२०१४) ‘_डीएसडी’ आले आणि नाव-मूल्य अशा जोड्या लिहिण्याची सोय झाली. लिनक्स ३.१९ ने (२०१५) त्यावर सामाईक गुणधर्म-इंटरफेस दिला. ड्रायव्हर फक्त नाव विचारतो. उत्तर कोणत्या वर्णनातून आले ते खालचा थर पाहतो. जीपीआयओवरच्या एलईडींचा ड्रायव्हर सुरुवातीलाच असा बदलला गेला. ‘पीआरपी०००१’ हा ओळखक्रमांक तर एसीपीआयमधूनच डिव्हाइस ट्रीची ‘कम्पॅटिबल’ ओळख वाचायला सांगतो. सोय मोठी, पण एसीपीआयच्या पाकिटात डिव्हाइस ट्री कोंबण्याचा मोहही तितकाच.

पूल कुठे संपतो ते लॅपटॉपच्या टचपॅडमागच्या ‘आयटूसी-हिड’ ड्रायव्हरमध्ये दिसते. उपकरणाचे वर्णन ज्या रजिस्टरमध्ये असते त्याचा पत्ता डिव्हाइस ट्रीत साधा आकडा म्हणून लिहिलेला असतो. एसीपीआयमध्ये तो ‘_डीएसएम’ ही पद्धत चालवून मिळवावा लागतो. वीजपुरवठ्याचे मार्गही वेगळे. म्हणून २०२१ मध्ये ड्रायव्हरचा गाभा वेगळा काढून त्यावर दोन पातळ जोडण्या बसवल्या. फ्रीबीएसडीतही पीसीआय होस्टच्या सर्वसाधारण ड्रायव्हरची रचना अशीच आहे.

वर्णनच चुकीचे असेल तर मात्र दोन्ही जोडण्या निरुपयोगी. अँड्रॉइडसह विकलेल्या काही एक्स८६ टॅब्लेटांची एसीपीआय कोष्टके मुळातच सदोष आहेत. त्यांच्यासाठीच्या खास लिनक्स मॉड्यूलमध्ये प्रत्येक मॉडेलची उपकरणे सी भाषेत हाताने लिहिलेली आहेत. हद्दपार केलेली बोर्ड-फाइल अशी मागच्या दाराने पुन्हा आत आली आहे.