औषधी मध व त्याचे सामर्थ्यांक

औषधी मध : जंतुनाशक सामर्थ्य प्रयोगशाळेत मोजून व निर्जंतुक करून व्रणोपचारास योजलेला मध. सुश्रुतसंहितेत माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक आदी आठ प्रकार वर्णिले आहेत. अर्वाचीन प्रतवारी मात्र फुलोऱ्यावर व जंतूंवरील परिणामावर आधारलेली आहे. आगराच्या थरातील विवरात मध भरला असता स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूंची वाढ जेवढ्या वर्तुळात खुंटते, तेवढेच वर्तुळ किती टक्के फिनॉलाच्या द्रावाने पडते, हे पाहून सामर्थ्यांक ठरवितात.

बहुतेक मधांचे सामर्थ्य, साखरेची घनता व आम्लता सोडता, ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरामुळे पातळ मधात निर्माण होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे असते. ते उष्णतेने व प्रकाशाने क्षीण होते आणि जखमेतील कॅटालेज त्याचा नाश करते. न्यूझीलंडच्या मानुका मधात पेरॉक्साइड नष्ट केल्यावरही सामर्थ्य उरते, हे वायकाटो विद्यापीठाच्या पीटर मोलन यांनी दाखविले. त्याचे कारण मिथिलग्लायॉक्सल होय, हा उलगडा 2008 साली प्रसिद्ध झाला. या मधाचा ‘यूएमएफ’ (पेरॉक्साइडविरहित सामर्थ्याचा) अंक 10 असता किलोमागे सुमारे 263 मिलिग्रॅम, तर 20 असता सुमारे 829 मिलिग्रॅम मिथिलग्लायॉक्सल असते. म्हणजे अंक दुप्पट, द्रव्य तिपटीहून अधिक. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जारा मधाचा ‘टीए’ (एकूण सामर्थ्याचा) अंक मुख्यत्वे पेरॉक्साइडचा असल्याने दोहोंवरील सारखे आकडे समान मानणे, व्यापाऱ्यांस कितीही सोयीचे असले, तरी शास्त्रास मंजूर नाही.

महाराष्ट्रात सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यविशारद एम. सुब्रह्मण्यम यांनी 1991 साली भाजलेल्या 104 रुग्णांवरील तुलना प्रसिद्ध केली, तीत असा कोणताही अंक नव्हता : मध लावलेल्यांपैकी 91 टक्क्यांच्या जखमा सात दिवसांत निर्जंतुक झाल्या, सिल्व्हर सल्फाडायझीन लावलेल्यांपैकी अवघ्या 7 टक्क्यांच्या. हा फरक एवढा मोठा आहे, की तो सावधपणेच वाचावा. उपचार कोणता हे उपचारकास ठाऊक असणे अशा प्रयोगांत टळत नाही.

बीड जिल्ह्यातील दिंद्रुडच्या मुलखात आग्या वा फुलोरी मोहोळाचा जो मध मिळेल, त्यास ‘यूएमएफ’ मुद्रा लाभणे नियमानेच अशक्य, कारण ती न्यूझीलंडच्या मानुकापुरतीच राखीव आहे. तो गाळण्यासाठी तापविला, तर त्याचे पेरॉक्साइडजन्य सामर्थ्यही घटते. शिवाय कच्च्या मधात क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू असू शकतात. म्हणून औषधी मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात, त्यायोगे विकरास फारशी बाधा पोहोचत नाही. याच बीजाणूंमुळे, नवजातास सोन्याच्या वळ्याने मध चाटविण्याचा आपल्याकडील रिवाज कितीही जुना असला, तरी एक वर्षाखालील बालकास मध देणे वैद्यक निषिद्ध मानते.