शिस्तीच्या दिवसांतलें पुणें

१९८६ सालीं 'माफीचा साक्षीदार' नांवाचा एक मराठी चित्रपट निघाला. नाना पाटेकर त्यांत होते. हळव्या मनाच्या माणसानें तो पाहूं नये असेंच मी सांगेन. तथापि ज्या हकीकतीवर तो बेतलेला आहे, ती पडद्यावरच्या चित्राहून अधिक काळी आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या सवा वर्षांत पुणें शहरांत १० माणसांचे खून पडले. ते करणारे सराईत दरोडेखोर नव्हते, कीं उपासमारीनें गांजलेले नव्हते. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप व मुनव्वर शाह हे चौघे टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते.

पहिला बळी त्यांचा सहाध्यायीच. घर सोडून जात असल्याची चिठ्ठी त्याच्याच हातून लिहवून घेतली आणि मग त्याला मारून प्रेत तळ्यांत बुडविलें. ३१ ऑक्टोबरला विजयानगर कॉलनींतील जोशी कुटुंबांतले तिघे गेले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरील अभ्यंकरांच्या घरीं पांचजण मारले गेले. त्यांत घरचे वृद्ध स्वामी काशीनाथशास्त्री, त्यांच्या पत्नी, नातवंडें आणि घरकाम करणारी बाईही होती. शेवटचा खून २३ मार्च १९७७ चा. ते प्रेत नदींत सांपडलें.

आतां या तारखा दुसऱ्या एका पंचांगाशीं ताडून पाहा. देशांत आणीबाणी पुकारली गेली ती २५ जून १९७५ च्या रात्रीं, आणि उठली २१ मार्च १९७७ रोजीं. म्हणजे शेवटचा खून वगळतां सारे त्याच काळांतले. आगगाड्या वेळेवर धांवतात, कचेऱ्यांतले लोक वेळेवर खुर्चीवर बसतात, अशी तेव्हां मोठी प्रौढी मिरविली जाई. येरवड्याच्या तुरुंगांत राजकीय स्थानबद्धांची दाटी झाली होती. सत्तेविरुद्ध बोलणाऱ्यावर सरकारची नजर होती. पण ही चार पोरें रात्रीं कोठें जातात, हें पाहणारें कोणी नव्हतें.

समाज कोसळतो तो दंग्याधोप्यांनीं, अशी आपली समजूत. पुण्यांत तर बाहेरून सारें टापटीप होतें. हीं मुलें मद्य पितात, दुचाक्या चोरतात, असा त्यांचा बदलौकिक महाविद्यालयाच्या आवारांत पसरलेला होता. म्हणजे माहिती होती, विचारणा नव्हती. मीं स्वतः जन्मभर हजेरीपट भरला. गैरहजर मुलापुढें खूण करण्यास क्षणही लागत नाहीं. तो कोठें आहे हें पुसावयास त्याच्या घरीं जावें लागतें.

त्या हिंवाळ्यांत दिवेलागणीलाच पुण्यांतल्या घरांचे दरवाजे बंद होत. आमच्या अवसरी बुद्रुकसारख्या गांवांतून मुलें शिकण्यासाठीं पुण्यास खोली घेऊन राहत, त्यांच्या आईबापांचा जीव टांगणीला लागला होता. आपल्या पोराला कोणी मारील कीं काय, ही त्यांची भीति. मार्चअखेर चौघांस अटक झाली तेव्हां ती भीति गेली आणि तिच्या जागीं तिच्याहून वाईट अशी दुसरी आली: आपलें पोर तेथें कोणाच्या संगतींत बसतें? हा प्रश्न कोणी उघड विचारीत नसे.

खटल्यांत त्यांचाच एक सोबती माफीचा साक्षीदार झाला. गुन्ह्यांतल्या भागीदारानें सर्व सत्य सांगितल्यास त्याला क्षमा करावी, अशी कायद्यांत सोय आहे. १९७८ च्या सप्टेंबरांत सत्र न्यायालयानें चौघांस फांशीची शिक्षा दिली व १९८३ सालीं येरवड्यास ती अमलांत आली. चित्रपटानें आपलें नांव मारेकऱ्यांवरून न घेतां या साक्षीदारावरून घेतलें, हें मला मार्मिक वाटतें. ज्यानें पाहिलें व जो गप्प राहिला, त्याच्याकडे तें नांव बोट दाखवितें. आणि असे गप्प राहणारे न्यायालयाबाहेरही पुष्कळ होते. पुढें अनुराग कश्यप यांनीं याच प्रकरणावरून सुचलेला 'पांच' हा हिंदी चित्रपट केला, तो सेन्सॉरच्या आक्षेपांत अडकला.

आरोपींचीं नांवें आजही अनेकांस तोंडपाठ असतात. काशीनाथशास्त्री कोण होते, हें मात्र थोड्यांस ठाऊक. ते संस्कृत व्याकरणाचे गाढे पंडित. वडील वासुदेवशास्त्री यांनीं केलेलें पतंजलीच्या महाभाष्याचें मराठी भाषांतर प्रसिद्ध होतांना त्याला प्रस्तावनेचा स्वतंत्र खंड यांनीं जोडला. व्याकरणांतील संज्ञांचा त्यांचा इंग्रजी कोश बडोद्याहून १९६१ सालीं निघाला. त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ति छापून आली ती १९७७ सालीं.