नदीच्या श्वासाचें गणित

वाहतें पाणी आपोआप शुद्ध होतें, हा समज फार जुना आहे; आणि तो खोटाहि नाहीं. प्रश्न एवढाच कीं, तें किती अंतरावर शुद्ध होतें आणि तोंवर वाटेंत कोणावर काय ओढवतें.

अमेरिकेंतील ओहायो नदी पिट्सबर्ग येथें दोन नद्यांच्या संगमांतून निघते व सुमारें ९८० मैल वाहून मिसिसिपीस मिळते. कांठावरचे कारखाने तिचें पाणी उचलीत आणि मळ मिसळून तिलाच परत करीत. १९१२ सालीं तेथील काँग्रेसनें सरकारी आरोग्यखात्यास नद्यांच्या दूषिततेची चौकशी करण्याचा अधिकार दिला. सिनसिनाटी येथें चौकशीचें ठाणें पडलें, ठिकठिकाणचें पाणी तपासलें गेलें, आणि त्या सामग्रीवरून स्ट्रीटर व फेल्प्स या दोघांनीं १९२५ सालीं एक समीकरण प्रसिद्ध केलें.

तें समीकरण म्हणजे प्राणवायूच्या जमाखर्चाची वहीच होय. मळावर जगणारे सूक्ष्म जंतु पाण्यांतील प्राणवायु वापरतात, हा खर्च. वरची हवा तो पुन्हां पाण्यांत घालते, ही जमा. खर्च प्रारंभीं मोठा असतो व मागाहून मंदावतो. जमा मात्र तूट वाढेल तशी वाढते. दोहोंचा मेळ घातला म्हणजे असें दिसतें कीं, नदीची सर्वांत वाईट दशा नळाच्या मुखापाशीं नसते, तर प्रवाहाच्या कांहीं दिवसांच्या वाटेवर, खालच्या अंगास असते. ज्या गांवानें कांहींच केलें नाहीं, त्याच्या घाटावर मासे मरून पडतात! उन्हाळ्यांत तर संकट तिहेरी. शून्य अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत लिटरमागें साडेचौदा मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, २० अंशांच्या पाण्यांत अवघा ९. जंतूंची भूक वाढलेली, आणि प्रवाह क्षीण. त्यांतूनच कारखान्यानें पाणी उचललें तर मळास पातळ करावयास उरतें काय?

या वहींत एक रकाना मात्र नव्हता. पाण्यांत विष आलें तर जंतूच मरतात, खर्च थांबतो आणि हिशेबापुरती नदी निरोगी ठरते. कोळशाच्या खाणींतून झिरपणारें अम्ल ओहायोंत येतच होतें.

याहून मोठी अडचण कचेरींत निघाली. राज्याराज्यांतून वाहणाऱ्या नद्यांसाठीं पाण्याच्या कसोट्या ठरवाव्या, असें १९६५ च्या कायद्यानें सांगितलें; पण एकाच पात्रांत दहा नळ सुटत असतां तूट कोणाच्या नांवें मांडावयाची, हें सिद्ध करणें दुष्कर झालें. ज्यास जबाबदारी टाळावयाची होती, त्यास हें सोयीचेंच होतें. १९७२ सालीं कायद्याची दिशा पालटली. नदी किती सोसते याची वाट न पाहतां, प्रत्येक कारखान्यानें उपलब्ध साधनांनीं आपलें सांडपाणी नळाच्या तोंडाशींच शुद्ध करावें, असें ठरलें. एवढें करूनहि जी नदी कसोटीस उतरत नाहीं, तिच्यांत कोणीं किती मळ सोडावा हें ठरविण्यास मात्र जमाखर्चाची ती जुनी वही अद्यापि उघडली जाते.