बेकलँड यांना हवे होते व्हार्निश

प्लास्टिकच्या इतिहासात बेकेलाइटला मानाचे स्थान आहे. मात्र लिओ बेकलँड यांनी अमेरिकेत याँकर्स येथील प्रयोगशाळेत काम आरंभले, तेव्हा त्यांना प्लास्टिक नव्हे, चपडा लाखेला पर्याय हवा होता. वाढत्या वीजउद्योगाला विद्युतरोधनासाठी लाख लागे आणि ती येई प्रामुख्याने भारतातून, पळस-कुसुमावरील कीटकांपासून.

फिनॉल आणि आल्डिहाइड यांच्यापासून राळेसारखा लगदा बनतो, हे जर्मनीत आडोल्फ फॉन बायर यांनी १८७२ मध्येच पाहिले होते. बेकलँड यांनी १९०७ मध्ये फिनॉल व फॉर्माल्डिहाइडच्या या विक्रियेला उष्णता व दाब यांच्या शिस्तीत बसवले. हाती आले ते न वितळणारे, न विरघळणारे द्रव्य. साचेकामाला ते वरदानच. व्हार्निश करणाऱ्याने मात्र त्याचे काय करावे?

इथे तेलाचा स्वभाव समजून घ्यायला हवा. अळशीचे तेल ‘वाळते’ म्हणजे पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतील ऑक्सिजन शोषते, त्याचे रेणू परस्परांत गुंफले जातात आणि चिवट पापुद्रा तयार होतो. वाळताना त्या थराचे वजन प्रारंभी चक्क वाढते! जुने कारागीर कोपलसारखी नैसर्गिक राळ अशा तेलात कढवून व्हार्निश करीत. फिनॉलची नवी रेझिने स्पिरिटमध्ये, तीही कच्च्या अवस्थेतच, विरघळत. तेलाशी त्यांचे जमेना.

हे वैर मिटवले पाइन वृक्षाच्या स्वस्त राळेने. १९१० च्या सुमारास जर्मनीत कुर्ट आल्बर्ट आणि लुडविग बेरेंड यांनी फिनॉल-रेझीन या राळेसोबत वितळवले आणि ते मिश्रण तेलात विरघळले. ‘आल्बर्टोल’ ते हेच. माझ्या मते व्हार्निशच्या दृष्टीने बेकेलाइटपेक्षा हा शोध मोठा. प्रसिद्धी मात्र त्याच्या वाट्याला आली नाही. पुढे चिनी तुंग तेलाची जोड मिळाली आणि १९२० च्या दशकात चार तासांत वाळणारी व्हार्निशे बाजारात आली.

त्याच दशकात जनरल इलेक्ट्रिकमधील रॉय कीनल यांनी तेलातील मेदाम्लेच रेझिनाच्या रेणूत गुंफली. आता तेल नुसते माध्यम उरले नाही, रेझिनाचा अवयव झाले. अल्कोहोल आणि ॲसिड या शब्दांवरून या कुळाला ‘अल्किड’ नाव पडले. आपल्या खिडक्यांच्या गजांवरचा ऑइलपेंट बहुधा याच कुळातला असतो आणि आजही तो हवेतला ऑक्सिजन घेऊनच वाळतो.