खुर्ची आणि पायपीट
(नभोवाणीवरील भाषण)

जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे ही दोन नावे आपल्या कानांवरून गेली असतीलच. वर्षाचे उरलेले दिवस मात्र ही नदी कोणाला तोडीत नाही. सकाळी दहाच्या सुमारास सावरगावच्या बाजूने पुलावर येऊन उभे राहावे, म्हणजे पलीकडे कामाला निघालेली सारी वस्ती दिसते. 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून कचेऱ्या वाढल्या आणि ही वर्दळही वाढली. तीत एक गोष्ट चटकन नजरेत भरते. माणसे जात असतात, पण चालत कोणी जात नाही. अर्ध्या कोसाच्या वाटेलाही मोटारसायकल लागते.

काही महिन्यांपूर्वी एका दवाखान्यात माझा नंबर येण्याची वाट पाहत बसलो होतो. माझ्याआधी आमच्या परिचयाचे एक बाबू आत गेले. वय माझ्याएवढेच, पंचेचाळिशीच्या आतबाहेर. रक्तातील साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला. दार उघडेच होते. डॉक्टर म्हणाले, “बाबूजी, औषध देतो, पण रोज चालत जा.” बाबूजींनी शांतपणे विचारले, “चालतो, डॉक्टरसाहेब. पण केव्हा ते सांगा.” सकाळी मुलांची शाळा, मग कचेरी, संध्याकाळी घरी आई अंथरुणाला खिळलेली. डॉक्टर क्षणभर गप्प राहिले. त्या प्रश्नाला उत्तर नव्हते असे नाही. पण ते उत्तर डॉक्टरांच्या हाती नव्हते. ते कोणाच्या हाती आहे, याचा शोध इतिहासात घ्यावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चालण्यासाठी वेगळा वेळ काढावा लागतो, ही कल्पनाच नवी आहे. आपल्या पूर्वजांचे चालणे त्यांच्या कामातच होते. पेशवाईत पत्रे पोचविण्यासाठी जासूद असत, आणि महत्त्वाचा कागद असला की जासुदांची जोडी रवाना होई. पुढे इंग्रजी अमदानीत, 1854 साली देशभर टपालाचा एकच दर झाला, तरी आगगाडी न पोचलेल्या मुलखात पत्रांची थैली हरकाऱ्याच्याच खांद्यावर होती. हातातील भाल्याला घुंगरू बांधून तो सातपुड्यासारख्या रानातून धावे आणि ठरलेल्या टप्प्यावर थैली दुसऱ्याच्या हवाली करी. आमच्या खेड्यांतला कोटवार पायीच हाक देत फिरे. गिरदावरीच्या दिवसांत पटवारी बांधाबांधाने पिके पाहत जाई. रेल्वेचा कीमॅन आपल्या हद्दीतील रूळ पायी चालून तपाशी. यांपैकी कोणाला डॉक्टरने “फिरायला जात जा” असे सांगितले असते, तर तो हसला असता.

मग हे चालणे कामातून गेले कसे? यंत्रे आली, तारा आल्या, टेलिफोन आला, हे खरेच. परंतु मला वाटते, यंत्रांच्या आधीपासून एक गोष्ट आपल्या मनात घर करून बसली होती आणि तिची साक्ष आपली भाषाच देते. अधिकाराला आपण काय म्हणतो? गादी म्हणतो, खुर्ची म्हणतो. माणसाला मान द्यायचा म्हणजे प्रथम “बसा” म्हणायचे. उलट चालण्याचे शब्द पाहा. पायपीट, वणवण, हेलपाटे, खेटे. गरजू माणूस जोडे झिजवितो, उंबरठे झिजवितो. बसणे ही प्रतिष्ठा आणि चालणे ही लाचारी, असा हा हिशेब आहे. कचेऱ्यांत तो मेजावरच्या घंटीच्या रूपाने अवतरला. साहेबाने घंटी वाजवावी, चपराश्याने धावत यावे, आणि दहा पावलांवरच्या कपाटातील फाईल काढून द्यावी. चालणारा तो शिपाई आणि बसणारा तो साहेब. मनुष्य जसजसा वर चढला, तसतसे त्याचे पाय कामातून बाद झाले.

या बैठ्या प्रतिष्ठेची किंमत मोजावी लागते, हे ओळखणारा एक वैद्य फार पूर्वी होऊन गेला. इटलीतील बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने 1700 साली कामकऱ्यांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर “तू काम काय करतोस?” हेही विचारावे, असा त्याचा आग्रह होता. शिंपी आणि चांभार दिवसभर वाकून बसतात म्हणून त्यांना विकार जडतात, असे त्याने नोंदविले आणि निदान सुट्टीच्या दिवशी तरी त्यांनी शरीराला व्यायाम द्यावा, असे सुचविले. 1713 च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांचाही समावेश केला. त्यांच्या दुखण्याच्या कारणांत त्याने पहिल्याने गणले ते सततचे बसणे. आमच्या बाबूजींचे दुखणे असे तीनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले आहे.

परंतु वैद्याचे निरीक्षण निराळे आणि मोजून मापून दिलेला पुरावा निराळा. तो पुरावा पुढे आला लंडनच्या दुमजली बसगाड्यांतून. मुंबईत 1937 पासून बेस्टच्या अशा गाड्या धावू लागल्या, त्यांत जे बसले असतील त्यांना चित्र सहज डोळ्यांसमोर आणता येईल. एकाच गाडीत दोन माणसे काम करीत. ड्रायव्हर आपल्या जागी बसलेला आणि कंडक्टर तिकिटे फाडीत वरखाली चढउतर करणारा. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने या जोडीकडे पाहिले आणि त्याला प्रश्न पडला की, वर्ग तोच, शहर तेच, गाडीही तीच. मग या दोघांच्या हृदयांत काही फरक पडतो काय?

त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 35 ते 64 वर्षे वयाच्या सुमारे 31,000 वाहतूक कामगारांच्या आजारांची नोंद तपासली. 1953 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार दर हजारी वर्षाला ड्रायव्हरांत 2.7 जणांना, तर कंडक्टरांत 1.9 जणांना झाला होता. शिवाय कंडक्टरांत तो उशिरा येई आणि आला तरी कमी घातक ठरे. पुढे मॉरिसने टपालखाते तपासले. पायी किंवा सायकलवर पत्रे वाटणारे पोस्टमन आणि त्याच खात्यात खुर्चीवर बसणारे कारकून व टेलिफोनवाले यांची तुलना केली, तर तेथेही तोच कल दिसला. खुर्चीवरच्यापेक्षा दारोदार फिरणाऱ्याचे हृदय अधिक सुरक्षित होते. प्रतिष्ठेचा जो हिशेब मी मघाशी सांगितला, तो निसर्गाने उलटा मांडून दाखविला होता.

मॉरिसचा प्रामाणिकपणा असा की, आपल्याच निष्कर्षावर त्याने शंका घेतली. मुळात स्थूल माणसेच ड्रायव्हर होत असतील तर? म्हणून त्याने कामगारांना मिळणाऱ्या गणवेशांची मापे तपासली आणि 1956 साली जाहीर केले की, ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर कंडक्टरांपेक्षा खरोखरच मोठा होता, अगदी तरुण वयापासून. म्हणजे सारा फरक जिन्यांनीच घडविला, असे म्हणता येणार नव्हते. परंतु त्यानंतर निरनिराळ्या देशांत जे शोध लागले, त्यांनी मूळ विचाराला बळकटीच आणली. मॉरिस स्वतः 2009 साली, वयाच्या 99 व्या वर्षी वारला.

यानंतर इतिहासाला एक वळण मिळाले आणि बाबूजींचा प्रश्न त्या वळणावरच उभा आहे. कामे झपाट्याने बैठी होत गेली. तेव्हा अभ्यासकांचे लक्ष कामावरून फावल्या वेळाकडे गेले. 1973 साली खुद्द मॉरिसनेच बैठे काम करणाऱ्या सुमारे 17,000 सरकारी नोकरांच्या फावल्या वेळातील व्यायामाचा अभ्यास मांडला. त्यात जोरकस व्यायामाचे महत्त्व दिसून आले. रेंगाळत टाकलेली पावले आणि झपझप टाकलेली पावले सारखी नव्हेत, हा धडा त्यातून मिळाला, तो मोलाचाच आहे. पण त्याबरोबर एक जबाबदारी नकळत सरकली. जे पूर्वी कामाच्या वेळात, पगारात घडत होते, ते आता कामगाराने स्वतःच्या वेळात, स्वतःच्या हिंमतीवर करावे, असे ठरून गेले.

आपल्या देशात हे कितपत घडते? तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथे झालेल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे 2014 साली प्रसिद्ध झाले. त्यांत निम्म्याहून अधिक लोक, म्हणजे शंभरांत 54, पुरेशी हालचाल न करणारे आढळले. आणि फावल्या वेळात व्यायाम किंवा खेळ करणारे दहांत एकही भरले नाहीत. हा केवळ आळस म्हणून सोडून देता येत नाही. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, जिला दोन्ही वेळचा स्वयंपाक करून नोकरी गाठायची आहे, त्यांचा फावला वेळ कोठला? आपल्याकडे चालणे परत यायचे असेल, तर ते ज्या वाटेने गेले त्याच वाटेने, कामाच्या वाटेने आले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की, मास्तर, ज्यांची उभी हयात पायपिटीत गेली त्यांना हे सांगून पाहा. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देणे हा अन्याय होईल. डोक्यावर संत्र्यांची टोपली घेऊन बागेतून रस्त्यापर्यंत खेपा घालणारी मजूर बाई चालतेच. पण तिला त्यातून आरोग्य मिळते असे कोण म्हणेल? ओझ्याखाली, उपाशीपोटी, विसाव्यावाचून केलेले श्रम शरीराला झिजवितात. कामाच्या ठिकाणी तासन्‌तास उभे राहणे हेही तसेच. म्हणूनच आपल्या 1948 च्या कारखाना कायद्याने, उभे राहून काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय ठेवलीच पाहिजे, असे मालकांवर बंधन घातले. पाच तासांच्या आत निदान अर्ध्या तासाची विश्रांतीही त्याने ठरवून दिली. केरळात दुकानांतील स्त्रियांना बसण्याच्या साध्या हक्कासाठी झगडावे लागले आणि तो कायद्याने मिळाला 2018 मध्ये. उभ्या माणसाला बसण्याचा हक्क देणे हे न्यायाचे एक पाऊल झाले. बसलेल्या माणसाला उठण्याची मुभा देणे हे दुसरे पाऊल होय, आणि ते अजून टाकायचे आहे. शरीराला हवा असतो तो बदल. बसणाऱ्याला चालणे हवे, उभ्याला आसन हवे, ओझेवाल्याला विसावा हवा.

हे दुसरे पाऊल फार खर्चाचे नाही. गांधीजी 1888 साली शिकण्यासाठी लंडनला गेले, तेव्हा काटकसरीसाठी त्यांनी कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोचता येईल अशा बेताने खोली घेतली. रोज आठ-दहा मैलांचे चालणे त्यांना घडू लागले, आणि विलायतेत आपण आजारी पडलो नाही ते मुख्यतः या सवयीमुळे, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. पुढे 1936 पासून ते आपल्या शेजारी, वर्ध्याजवळ सेवाग्रामास राहू लागले. तेथेही भेटीस आलेल्यांशी त्यांची बोलणी पुष्कळदा फिरता फिरताच होत. देशाची महत्त्वाची कामे ज्यांच्यापुढे होती, त्यांना चालणे हे कामातील खंड वाटले नाही.

आज कचेरीच्या वा कारखान्याच्या प्रमुखाने मनात आणले, तर काय होऊ शकेल? जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली, आणि सलग दहा मिनिटे झाली तरच ती धरावयाची ही जुनी अट काढून टाकली. म्हणजे दोन मिनिटांची फेरीही हिशेबात जमा होते. दोन टेबलांमधला कागद स्वतः नेऊन द्यावा. दोघांचीच मसलत असेल तर ती ओसरीवर फेऱ्या घालीत करावी. पाण्याचा माठ हाताशी न ठेवता दालनाच्या टोकाला ठेवावा. दुपारच्या सुट्टीतील दहा मिनिटे सावलीतून झपझप चालावे. आमच्याकडच्या वैशाखात उन्हात चाला असे मी म्हणणार नाही. परंतु या साऱ्याला एक अट आहे. उठलेल्या माणसाकडे “काम सोडून कोठे निघालात?” अशा नजरेने कोणी पाहता कामा नये. आणि त्यासाठी पहिल्याने उठले पाहिजे ते घंटी वाजविणाऱ्याने. मुख्याध्यापक स्वतः वर्गापर्यंत चालत आले, तर शिक्षकाला फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत जाण्याचा संकोच राहत नाही, हा माझा शाळेतील अनुभव आहे.

त्या बाबूजींच्या कचेरीत मध्यंतरी माझे काम निघाले. माझा कागद पुढच्या खोलीत जायचा होता. सवयीने त्यांचा हात घंटीकडे गेला, थबकला, आणि ते स्वतः उठले. परत आले तेव्हा किंचित धापा टाकीत होते. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी थट्टेने म्हणाले, “काय बाबूजी, शिपायाची नोकरी धरली वाटते?” बाबूजी खाली बसत म्हणाले, “त्याची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे, पाहिली नाही का?”

खोली हसली. पण श्रोतेहो, मॉरिसने हजारो माणसे मोजून जे सांगितले, तेच बाबूजींनी त्या एका वाक्यात सांगितले होते. “चालायचे केव्हा?” या प्रश्नाचे उत्तर त्यांना सापडले होते. ते उत्तर त्यांना एकट्याने थट्टा सोसून अमलात आणावे लागू नये, एवढे पाहणे त्यांच्या साहेबाच्या आणि आपल्या सर्वांच्या हाती आहे.