शेळीचे रक्त आणि बैलाचा जीव

येरवड्याचे नाव निघाले म्हणजे तुरुंग आठवतो, आणि तुरुंगाबरोबर महात्माजींचे शेळीचे दूध. त्या दुधाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. शेळीच्या रक्ताविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. त्या रक्ताने हिंदुस्थानातील बैल वाचविला, आणि ते ज्या संस्थेत घडले तिचा जन्म येरवड्याच्या वरच्या अंगास, मुळा-मुठेच्या संगमाजवळील सायन्स कॉलेजात झाला.

गुरांच्या साथींविषयी हॅलन यांच्या मंडळाचा अहवाल १८७१ चा. त्यानंतर अठरा वर्षांनी, ९ डिसेंबर १८८९ रोजी, पुण्यास इंपीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. शेतसाऱ्यावर जगणाऱ्या सरकारास बैलाची आठवण होण्यास इतका काळ लागावा, याचे आम्हांस नवल वाटते. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. स्पर्शजन्य रोगांची विषे दाट वस्तीजवळ बाळगणे धोक्याचे, म्हणून १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरास हलली.

मुख्य शत्रू बुळकांडी. ती गावात शिरली की गोठे ओस पडत आणि पेरणीच्या तोंडावर नांगरास जुंपायला जनावर उरत नसे. संस्थेच्या नावात जंतुशास्त्र होते खरे. पण या रोगाचे विष जंतू अडविणाऱ्या गाळणीतूनही पार जाते, हे निकोल व आदिल-बे यांनी १९०२ साली कॉन्स्टँटिनोपल येथे दाखविले.

त्या काळचा उपाय दुहेरी होता: रोगी बैलाचे रक्त आणि रोगप्रतिकारक लस-रस एकाच वेळी टोचावयाचा. परंतु आपल्या गुरांच्या रक्तात गोचिडांनी सोडलेले सूक्ष्म परोपजीवी निपचित पडून असतात. बैलाचे रक्त टोचले की ते आयतेच दुसऱ्याच्या अंगात जात. शिवाय बुळकांडीत श्वेतपेशी झपाट्याने घटतात, तेव्हा शरीरात दबा धरून बसलेले शत्रूही उठत. औषधानेच जनावर दगावले, तर शेतकऱ्याने दुसऱ्यांदा दार का उघडावे?

यावर मुक्तेश्वरचे जे. टी. एडवर्ड्‌स यांनी १९२० नंतरच्या दशकात शेळीचा आश्रय केला. बैलाचे हे परोपजीवी तिच्या रक्तात तग धरीत नाहीत. विष मात्र धरते. एका शेळीचे रक्त दुसरीस, दुसरीचे तिसरीस, असे ते पुढे पुढे नेले. हेतू एवढाच की रक्त निर्मळ मिळावे. हाती लागले ते निराळेच: शेळ्यांतून फिरता फिरता विष बैलास सौम्य झाले, आणि रसाची जोड न देताही संरक्षण करू लागले. विलायती व काही डोंगरी जातींच्या गुरांस ते जड जाई, हे खरे.

या शेळ्यांच्या यातनांचा प्रश्न क्षुल्लक आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तो विचारताना गोठ्यात तडफडणारा बैलही नजरेसमोर असावा. १९५४ साली देशव्यापी निर्मूलन-मोहीम सुरू झाली, तेव्हा भर याच लशीवर होता. पुढे पेशीसंवर्धनाची लस आली. हिंदुस्थानात बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ सालचा, आणि २०११ साली सारे जग तिच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.