खोली कोणत्या नात्याने?

मराठीत 'घर देणे' हा फार सैल वाक्प्रयोग आहे. सरकारने घरकुल दिले, कारखान्याने खोली दिली, मालकाने जागा दिली, पोलीस खात्याने क्वार्टर दिले. क्रियापद एकच, पण देणारा नेमके काय देतो आणि काय स्वतःच्या हाती राखून ठेवतो, हे त्यातून कळत नाही. राहणारा भाडेकरू आहे, परवानाधारक आहे, नोकर आहे की मालक, हे भिंती उभ्या राहण्यापूर्वीच कुठल्यातरी कार्यालयात ठरलेले असते. राहणाऱ्याला ते बहुधा उमगते ते खोली सोडण्याची नोटीस हाती पडल्यावर.

चाळीच्या साहित्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. १९५८ च्या 'बटाट्याची चाळ'पासून पुढे चाळीतले समूहजीवन, जिना, नळ, गॅलरी यांवर वर्गात व्याख्याने होतात, प्रबंधिका लिहिल्या जातात. मात्र त्या खोल्यांत माणसे कोणत्या हक्काने राहत होती, हे आपण क्वचितच विचारतो. हा प्रश्न अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा आणि तिथली माणसे पोटासाठी जिथे गेली ती मुंबई, या दोन टोकांमध्ये ठेवून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, सार्वजनिक घर देणाऱ्या संस्थांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात 'भाडेकरू' नावाचा एक नवा माणूस घडवला. आणि पुढे कायद्याने हा माणूस सबळ होताच त्यांनी त्याला घडवणे हळूहळू सोडून दिले.

त्याच्या आधी काय होते, हे समजण्यासाठी वतनाकडे जावे लागते. दया पवार यांचे गाव धामणगाव, तालुका अकोले, याच जिल्ह्यातले. त्यांच्या आत्मकथनाचे 'बलुतं' (१९७८) हे नावच मुळी कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या वाट्याचे आहे. महार वतनाच्या जमिनीला हाडकी-हाडोळा म्हणत. ती जमीन सेवेला बांधलेली होती. सेवा सुटली की जमिनीवरचा दावा लटका पडे, आणि सेवेला ना ठरलेले तास होते ना मोजलेली मजुरी. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडले, ते या बंधनावर बोट ठेवण्यासाठीच. कनिष्ठ गावकामगारांची वतने प्रत्यक्षात रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. सेवा आणि निवारा एकाच दोरीला बांधले की राहणाऱ्याचे काय होते, याचा धडा या समाजाने पिढ्यान् पिढ्या गिरवला होता.

या पार्श्वभूमीवर मुंबईतल्या सरकारी चाळीची भाडेपावती पाहिली पाहिजे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टचे गुणगान करण्याचे कारण नाही. त्याने आरंभी पाडापाड अधिक केली आणि बांधणी कमी. गरिबांची वस्ती उठवून रस्ते रुंद केले. तरीही त्याने बांधलेल्या चाळींत राहणाऱ्याशी जे नाते जुळवले ते नवे होते. महिन्याचे भाडे भरायचे आणि राहायचे. देणाऱ्याच्या दारी राबायचे नव्हते, कोणाचा सांगावा पोचवायचा नव्हता. आंबेडकरांचे कुटुंब परळच्या बी.आय.टी. चाळीत १९१२ च्या सुमारास राहायला आले आणि १९३४ च्या सुमारास 'राजगृह' येथे जाईपर्यंत तिथेच राहिले. वतनाविरुद्धचे १९२८ चे विधेयक मांडणारा लोकप्रतिनिधी त्या वेळी सार्वजनिक संस्थेच्या चाळीत रोख भाडे भरून राहत होता. या योगायोगाकडे चरित्रकारांनी फारसे लक्ष दिलेले दिसत नाही; आम्हांला तो अर्थपूर्ण वाटतो.

पुढचा टप्पा बी.डी.डी. चाळींचा. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली, डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उभे राहिले. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता, प्रत्यक्षात सुमारे सोळा हजार खोल्या झाल्या. वरळी १२१, नायगाव ४२, ना. म. जोशी मार्ग ३२ आणि शिवडी १२, अशा २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले. एका इमारतीत ८० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. भाडे गिरणी कामगाराला परवडेना आणि वरळी त्या वेळी कामापासून दूर, त्यामुळे हजारो खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडून राहिल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात वरळीच्या काही चाळींचा उपयोग सत्याग्रहींना डांबण्यासाठी झाला. घर म्हणून जे कोणी घेईना ते तुरुंग म्हणून खपले! कालांतराने खोल्या भरल्या. कोकणातून, घाटावरून, नगर-नाशिककडून आलेली कुटुंबे एका खोलीत आठ-दहा माणसे अशी राहू लागली.

आता कायद्याकडे वळू. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, मुंबईत भाडेनियंत्रण आले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने त्याला भक्कम रूप दिले. प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवले गेले. ठरावीक कारणांखेरीज भाडेकरूला काढता येईना, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण जाऊ लागले. मालकाच्या दृष्टीने भाडेकरू ठेवणे म्हणजे घर गमावणे, असे समीकरण झाले. पागडी त्यातूनच फोफावली. हेही नोंदवावे की, १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात हे गोठवलेपण कालांतराने अवाजवी झाल्याचे म्हटले. ते बरोबरच होते.

पण या कायद्यातली एक तरतूद आपल्या प्रश्नासाठी अधिक महत्त्वाची आहे. सरकार आणि स्थानिक संस्था यांच्या मालकीच्या जागांना त्याने वगळले. खासगी मालकावर जे बंधन घातले ते सरकारने स्वतःवर घातले नाही. म्हणजे गिरगावातल्या खासगी चाळीतला भाडेकरू कायद्याच्या आधाराने राहत होता, आणि बी.डी.डी.तला भाडेकरू सरकारच्या सवयीच्या आधाराने. व्यवहारात सरकारने त्याला काढले नाही, हे खरे. पण न काढणे आणि काढता न येणे यांत अंतर आहे.

खासगी मालकांनी आपली वाट 'लिव्ह अँड लायसन्स'मधून काढली. भाडेकरू नव्हे, परवानाधारक. जागेत हक्क नाही, फक्त राहण्याची मुभा. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरू मानले, तेव्हा ही पळवाट काही काळ बुजली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तिला राजमार्ग करून दिला. आता मुदत संपली की परवानाधारकाने जागा सोडायची. (अकरा महिन्यांचा करार हे याच परंपरेचे अवशेष. वर्षाच्या आतील भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नसे म्हणून अकरा महिने. नव्या कायद्याने मुदत कितीही असली तरी नोंदणी सक्तीची केली, पण अकराचा आकडा लोकांच्या हातून सुटला नाही.) याच कायद्याच्या २२ व्या कलमात नोकरीच्या काळापुरत्या भाडेकरूपणाला स्वतंत्र जागा मिळाली: नोकरी आहे तोवर खोली, नोकरी गेली की खोली गेली. वतन रद्द होऊन चाळीस वर्षे झाल्यावर सेवेला बांधलेला निवारा असा पुन्हा कायद्याच्या भाषेत अवतरला.

हा पेच केवळ आपला नाही. इंग्लंडमध्ये नगरपालिकांच्या भाडेकरूंना कायद्याचे खरे संरक्षण १९८० साली मिळाले, आणि त्याच कायद्याने त्यांना ते घर विकत घेण्याचा हक्कही दिला. पुढे २०११ च्या कायद्याने कायमस्वरूपी भाडेकरूपणाऐवजी ठरावीक मुदतीचे भाडेकरूपण देण्याची मुभा नगरपालिकांना मिळाली. कोणाला कोणत्या प्रकारचे भाडेकरूपण द्यावे, याविषयीचे धोरण तिथे लेखी प्रसिद्ध करावे लागते. ते धोरण उदार आहे असे नव्हे. पण ते वाचता येते. आपल्याकडे ते वाचायचे कुठे?

नगर जिल्ह्यात हा प्रश्न साखरेच्या वाटेने येतो. प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांनी उत्तरेकडचे तालुके भिजू लागले, १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि हरेगावच्या बेलापूर कंपनीसारख्या खासगी साखर कंपन्यांचे मळे पसरले. शेतकऱ्यांच्या जमिनी कंपन्यांनी खंडाने घेतल्या. येथे एका शब्दाची गंमत सांगण्याजोगी आहे. खंड भरून जमीन कसणारा तो खंडकरी, असे कोणालाही वाटेल. पण या जिल्ह्यात 'खंडकरी' म्हणजे जमीन खंडाने देणारा मूळ मालक. कंपनी कूळ झाली आणि शेतकरी जमीनदार, पण कागदावरच. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याखाली कंपन्यांची जमीन सरकारकडे गेली, १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले आणि खंडकऱ्यांचा जमीन परत मिळवण्याचा लढा कित्येक दशके चालला. जिल्ह्याच्या राजकारणात त्याला मानाचे स्थान आहे.

त्याच मळ्यांवरच्या चाळींना मात्र तसे स्थान मिळाले नाही. या चाळींत राबणारी माणसे राहत होती. कंपनीच्या काळात कंपनीची, महामंडळाच्या काळात महामंडळाची. खोली कामाबरोबर आलेली. ज्या वर्षांत राज्य कुळांना जमिनीचे मालक करत होते (१ एप्रिल १९५७ हा कृषकदिन), त्याच वर्षांत या खोल्यांतल्या माणसांच्या निवाऱ्याचा हक्क कोणत्याच खात्यात बसत नव्हता. १९४८ च्या कूळकायद्याने कुळाला आणि शेतमजुराला राहत्या घरातून काढण्यास मनाई केली खरी, पण ते घर त्याने किंवा त्याच्या पूर्वजांनी स्वखर्चाने बांधलेले असावे लागे. कंपनीने बांधलेली खोली त्या व्याख्येबाहेर पडे. मातीची झोपडी बांधणाऱ्याला संरक्षण आणि पत्र्याची खोली मिळालेल्याला नाही! महामंडळाचे काम आक्रसत गेले, कामगार निवृत्त झाले, चाळी जीर्ण झाल्या. घरासाठी आपल्याला जागा मिळावी, ही त्यांची मागणी वर्षानुवर्षांची आहे. कंपनी कायद्याची या बाबतीतली भूमिका तर आणखी कठोर आहे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने बलदेव कृष्ण साही खटल्यात असे ठरवले की, नोकरी संपल्यावर कंपनीची खोली न सोडणारा माजी कर्मचारीही फौजदारी तरतुदीच्या कक्षेत येतो. भाडेकरूने खोली सोडली नाही तर तो दिवाणी वाद. नोकराने सोडली नाही तर गुन्हा.

हा फरक किती खोल जातो, ते पुन्हा वरळीला जाऊन पाहावे. बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासात पात्र भाडेकरूला १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य मिळते; ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. पण त्याच इमारतींत काही खोल्या पोलिसांच्या सेवानिवासस्थाने होत्या. तोच मजला, तेच सामाईक संडास, तितक्याच वर्षांचा रहिवास असला तरी पोलीस कुटुंब भाडेकरू नव्हते. त्यांना घर द्यावे की नाही यावर बराच काथ्याकूट झाला. आधी ५० लाख, मग २५ लाख आणि शेवटी २०२२ साली १५ लाख रुपयांना ते घर देण्याचे ठरले. शंभर वर्षांपूर्वी कोणती खोली कोणत्या नोंदवहीत लिहिली गेली, याची किंमत अशी पंधरा लाख.

गृहनिर्माण मंडळाने १९५२ च्या औद्योगिक कामगार गृहयोजनेखाली भाड्याच्या वसाहती बांधल्या, पण पुढे त्यांतले अनेक गाळे राहणाऱ्यांच्या मालकीचे झाले. १९७७ साली अस्तित्वात आलेल्या म्हाडाची लोकांना ओळख आहे ती सोडतीमुळे, आणि सोडतीत निघते ते विकत घ्यायचे घर. खेड्यात घरकुल आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान असे. परंतु त्यासाठी आधी पायाखाली स्वतःची जागा हवी, आणि ती नसलेल्यांसाठी जागा खरेदीची वेगळी योजना काढावी लागली. महिन्याचे भाडे भरून सार्वजनिक संस्थेच्या घरात निर्धास्तपणे राहण्याची, परळच्या चाळीतली ती जुनी शक्यता मात्र आज क्वचितच कोणाला देऊ केली जाते. राज्याला मालक परवडतो, परवानाधारक परवडतो, नोकर परवडतो. भाडेकरू परवडत नाही.

आणि या सर्व नोंदवह्यांच्या बाहेर कोपी आहे. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी तालुक्यातून आणि शेजारच्या बीडमधून ऊसतोड कामगार निघतात. कारखान्याच्या तळावर बांबू, चटई, पाचट यांची कोपी उभी राहते. ती कुठे उभी राहायची, हे मुकादम आणि कारखान्याची माणसे ठरवतात. ती माणसाला नव्हे, कोयत्याला मिळते. कोयता म्हणजे तोडणीचे हत्यार आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडीही. उचल घेतलेली असल्याने हंगाम संपेपर्यंत ती सोडता येत नाही आणि हंगाम संपल्यावर तिच्यात राहता येत नाही. तिला भाडे नसते, त्यामुळे पावतीही नसते. पट्टा पडला की चटया गुंडाळून गाडीत चढवतात.